नव्या घराचं बिल दीडपट का येतं आणि ते खाली कसं आणायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नव्या घरात येऊन काही महिने झाले. माणसं तेवढीच, उपकरणं बहुतेक जुन्या घरातलीच, वर सगळीकडे एलईडी दिवे लावले. तरी विजेचं बिल जुन्या घराच्या जवळजवळ दीडपट येतंय. घर सर्वात वरच्या मजल्यावर, हॉलला पश्चिमेकडे मोठी काच, दोन एसी, दोन गिझर. एकाने सॉकेटमध्ये लावायचा ‘वीज वाचवणारा डबा’ सुचवलाय, दुसऱ्याने सोलर. पाण्याचं बिलही वाटलं होतं त्यापेक्षा जास्त. सुरुवात कुठून करायची?

मी घरांचं वायरिंग आणि एनर्जी ऑडिट ही दोन्ही कामं बरीच वर्षं करतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. आधी ठोक सांगून टाकतो. डबा घेऊ नका. सोलरची घाई करू नका. दिवे विझवत घरभर फिरणंही सोडा, त्यात फारसं काही हाती लागणार नाही. बिल बसलंय ते तापवण्यात आणि गार करण्यात. पण हे माझ्या तोंडचं खरं मानू नका, स्वतः मोजून बघा. मोजायला फक्त मीटर आणि घड्याळ लागतं.

मीटरकडे जाण्याआधी बिल नीट वाचा. रीडिंग प्रत्यक्ष घेतलेलं आहे की सरासरीने टाकलेलं? बिल किती दिवसांचं आहे? ३५ दिवसांचं बिल ३० दिवसांच्या बिलाशी ताडून घाबरलेले लोक मला नेहमी भेटतात. दराचा वर्ग घरगुतीच आहे ना? बांधकामासाठी घेतलेली जोडणी घरगुती दरावर आणायची राहून जाते आणि मालक महिनोन्‌महिने चढा दर भरत राहतो. मंजूर भार गरजेपेक्षा खूप जास्त घेतलेला असेल आणि तुमच्याकडे स्थिर आकार त्यावर ठरत असेल, तर एकही युनिट न वापरता तो फरक दर महिन्याला जातो. आणि तुलना करायची ती रुपयांची नाही, युनिटांची. जुन्या घराचे युनिट आणि नव्या घराचे युनिट, तोच ऋतू, दिवसाला किती पडले ते काढा. दर वाढले असतील तर त्याचा दोष घराला देण्यात अर्थ नाही.

आता मीटर. बिलावरचा मीटर क्रमांक आणि मीटरवर कोरलेला क्रमांक एकच आहे का ते बघा. हसू नका, नव्या इमारतीत शेजाऱ्याचा मीटर आपल्या नावावर असल्याची प्रकरणं मी पाहिली आहेत. मग घरातला मेन स्विच बंद करा आणि मीटरवरचा छोटा लाल दिवा बघा. तो वापरलेल्या विजेबरोबर लुकलुकतो. मेन बंद केल्यावर तो पूर्ण थांबला पाहिजे. थांबला नाही तर मीटर आणि तुमचा मेन स्विच यांच्या मध्ये कोणीतरी वीज घेतंय: जिन्याचा दिवा, कॉमन पंप, किंवा दुसऱ्याचं घर. तिथून पुढे वितरण कंपनीला लेखी कळवायचं आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलवायचा. मीटरपेटीत स्वतः हात घालायचा नाही.

त्याच दिव्याने घरातलं कोणतंही उपकरण मोजता येतं. मीटरवर ‘३२०० इम्पल्स’ किंवा ‘१६०० इम्पल्स प्रति किलोवॉट-तास’ असं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे एका युनिटामागे दिवा किती वेळा लुकलुकतो ते. ३२०० असेल तर मिनिटाला दिवा जितक्या वेळा लुकलुकला त्या आकड्याला १८.७५ ने गुणा. त्या क्षणी घर किती वॉट घेतंय ते आलं. १६०० असेल तर ३७.५ ने, १००० असेल तर ६० ने. समजा ३२०० च्या मीटरवर मिनिटाला १६ लुकलुका मोजल्या, म्हणजे ३०० वॉट. फार भरभर लुकलुकत असेल तर २० लुकलुकांना किती सेकंद लागले ते बघून मिनिटाचा हिशोब काढा. सगळे एमसीबी (वितरण पेटीतले प्रत्येक सर्किटाचे छोटे स्विच) पाडायचे आणि एकेक चढवत हे मोजत जायचं. रविवारची सकाळ पुरते आणि कोणता सर्किट किती खातो याचा नकाशा तुमच्या हातात येतो. माझा अर्धा धंदा एवढ्यावर चालतो, पण असो.

इथे नव्या वायरिंगची एक खास गोष्ट. पुष्कळशी मीटरं फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारांमधला प्रवाह मोजतात आणि दोन्हींत फरक दिसला तर जो जास्त असेल त्यावर नोंद करतात. घाईत केलेल्या वायरिंगमध्ये दोन सर्किटांचे न्यूट्रल कुठेतरी एकत्र बांधलेले असतात, कधी शेजारच्या घराचा किंवा जिन्याचा न्यूट्रल तुमच्यात आलेला असतो. दिवे लागतात, पंखे फिरतात, सगळं ठीक वाटतं, आणि मीटर दुसऱ्याचा प्रवाह तुमच्या खात्यावर लिहीत राहतं. अशा मीटरवर असा फरक म्हणजे अर्थिंगचा दोष (earth fault) दाखवणारी वेगळी खूण किंवा दिवा असतो. तो सतत लागलेला दिसला तर दुर्लक्ष करू नका. चांगली आरसीसीबी (प्रवाह कुठे गळताना दिसला की वीज तोडणारा सुरक्षा-स्विच) बसवलेली असेल तर ती या दोषामुळे सारखी ट्रिप होते, आणि मग कोणीतरी ‘कटकट नको’ म्हणून तीच काढून टाकतो. तसं झालंय का ते विचारा. त्यात पैशांइतकाच जिवाचाही प्रश्न आहे.

पुढची पायरी रात्रीची. सगळे झोपले, एसी-पंखे काही वेळापुरते बंद, फ्रिजही त्या पाच मिनिटांपुरता बंद, आणि मग मोजा. आदर्श आकडा शून्याच्या जवळ असायला हवा. नव्या घरांत मला तो ४० ते १०० वॉटच्या दरम्यान सापडतो. एक वॉट वर्षभर चालू राहिला तर ८.७६ युनिट होतात. म्हणजे ६० वॉट सतत वाहत असतील तर वर्षाला सुमारे ५२५ युनिट, आणि त्या बदल्यात कोणी काही वापरलेलं नसतं. नव्या घरात हे वाढतं कारण सजावटीबरोबर नवीन पाहुणे येतात: फॉल्स सीलिंगमधल्या पट्टी-दिव्यांना वीज पुरवणारे ड्रायव्हर, स्मार्ट स्विच, दाराचा कॅमेरा, पडद्यांच्या मोटारी, सेट-टॉप बॉक्स, एसीचे स्टॅबिलायझर, बॅटरी भरलेली असूनही गरम राहणारा इन्व्हर्टर. युरोपीय संघात २०१३ पासून बहुतेक घरगुती उपकरणांना बंद अवस्थेत अर्ध्या वॉटची मर्यादा आहे, त्यामुळे अलीकडच्या टीव्हीच्या मागे लागण्यात फारसं काही नाही. हात लावून बघा. जे बंद असून कोमट लागतं ते खातंय. काही मोठ्या एसींचं आउटडोअर युनिट कॉम्प्रेसरमधलं तेल गरम ठेवण्यासाठी बंद असतानाही वीज घेतं. एसीचा हंगाम संपला की त्याचा एमसीबी पाडून ठेवा, मात्र पुन्हा वापरण्याआधी काही तास आधी चढवा, नाहीतर कॉम्प्रेसरला त्रास.

हे झालं की खऱ्या खर्चाकडे या. कशाला किती ऊर्जा लागते याची आपली कल्पना बहुधा उलटी असते. १००० लिटर पाणी १५ मीटर उंच टाकीत चढवायला, घरगुती पंपाची बेताची कार्यक्षमता धरूनही, साधारण ०.१५ युनिट लागतं. तेच १००० लिटर पाणी फक्त एका अंशाने तापवायला १.१६ युनिट. पंप घरघरतो म्हणून डोळ्यांवर येतो, गिझर गप्प बसून खातो.

तुमच्या घरात मी सर्वात आधी पश्चिमेची काच बघेन. दोन मीटर बाय दोन मीटर म्हणजे ४ चौरस मीटर काच धरू. दुपारनंतर उतरतं ऊन तिच्यावर जवळजवळ समोरून येतं, आणि साध्या पारदर्शक काचेतून त्यातलं बरंचसं आत येतं: ऐन वेळी दोन किलोवॉट, कधी त्याहून जास्त. म्हणजे हॉलमध्ये एक भलामोठा हीटर लावून समोर एसी चालवायचा. एसी एक युनिट वीज घेऊन साधारण तीन-साडेतीन युनिट उष्णता बाहेर फेकतो, तेव्हा ही उष्णता उपसायला चार तासांत दोन-अडीच युनिट गेलेच. रोजचे.

आतून जाड पडदा लावून याचा थोडाच बंदोबस्त होतो. ऊन काचेतून आत आलं, पडद्यावर पडलं, पडदा तापला, आणि ती उष्णता आता काचेतून परत बाहेर जायला तयार नसते. चोराला घरात घेऊन मग दार लावण्यातला हा प्रकार. अडवायचं ते काचेच्या बाहेर: बाहेरून लावायचे रोलर पडदे, बांबूच्या किंवा कापडाच्या चिका, उभ्या झडपा, वेल, काहीही. एक गोष्ट लक्षात ठेवा, डोक्यावरचा आडवा छज्जा पश्चिम आणि पूर्वेला फारसा उपयोगी नाही, कारण तिकडचं ऊन सूर्य खाली असताना, तिरकं येतं. छज्जा उपयोगी विषुववृत्ताकडे तोंड असलेल्या भिंतीला, म्हणजे उत्तर गोलार्धात दक्षिणेला: उन्हाळ्यात सूर्य उंच असतो तेव्हा तो सावली देतो, आणि हिवाळ्यात सूर्य खाली आला की ऊन आत येऊ देतो. बाहेर काही लावण्याची सोसायटीची परवानगी नसेल तर काचेवर उष्णता परावर्तित करणारी फिल्म हा दुसरा पर्याय. दुहेरी काच असेल तर आधी काचेच्या निर्मात्याला विचारा, कारण चुकीच्या फिल्मने काच असमान तापून तडकू शकते.

मग छत. सर्वात वरच्या मजल्यावर हा दुसरा हीटर. गडद रंगाचं छत दुपारी ६० अंशांच्या पुढे सहज जातं, काँक्रीटचा स्लॅब ती उष्णता धरून ठेवतो आणि तुम्ही झोपायला जाता तेव्हा खाली सोडतो. ‘रात्री बाहेर गार असतं तरी खोली तापलेली’ ही तक्रार इथूनच येते. छतावर पांढरा परावर्तक लेप दिला की पृष्ठभागच खूप कमी तापतो. करायच्या उपायांत हा सर्वात स्वस्तांपैकी एक. आधी वॉटरप्रूफिंग तपासून घ्या, ओल असलेल्या छतावर लेप टिकत नाही. आणि दर वर्षी धुवा, धुळीने त्याचा पांढरेपणा गेला की निम्मा उपयोग गेला. इन्सुलेशन करणार असाल तर ते स्लॅबच्या वरून करणं जास्त चांगलं, म्हणजे स्लॅबच तापत नाही. खालून फॉल्स सीलिंगच्या वर टाकलेलं इन्सुलेशन चालतं, पण मग त्यातल्या दिव्यांची भोकं आणि कडेच्या फटी बंद केल्या पाहिजेत; नाहीतर एसीची गार हवा वर, आणि स्लॅबने तापलेली हवा खाली.

एसीबद्दल लोक मला फक्त दोनच गोष्टी विचारतात, किती टनाचा आणि किती अंशांवर. टन म्हणजे साडेतीन किलोवॉट उष्णता उपसण्याची क्षमता, एवढंच. काच आणि छत आधी आवरलंत तर लहान एसी पुरतो, म्हणून क्रम महत्त्वाचा. अंशांचं म्हणाल तर १६ वर लावल्याने खोली लवकर गार होत नाही. एसी तेवढ्याच जोराने चालतो, फक्त थांबत नाही. २५-२६ वर ठेवा आणि वर पंखा लावा. हवा अंगावरून फिरली की दोन-तीन अंश जास्त असले तरी तेवढंच बरं वाटतं. पंखा माणसाला गार करतो, खोलीला नाही. त्यामुळे रिकाम्या खोलीतला पंखा हा निव्वळ खर्च. जुने पंखे ७०-७५ वॉट घेतात, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटारीचे) ३० वॉटच्या आसपास. दिवसाला १२ तास फिरणारा एक पंखा बदलला तर महिन्याला १५ युनिटांच्या आसपास वाचतात. जो पंखा कमी फिरतो तो बदलू नका.

तिसरी गोष्ट कोणी विचारत नाही, आणि नव्या इमारतींत तिथेच घोळ असतो: आउटडोअर युनिट कुठे ठेवलंय? दर्शनी बाजू सुबक दिसावी म्हणून ते अरुंद डक्टमध्ये किंवा जाळीच्या आड ठेवतात. युनिट गरम हवा बाहेर फेकतं, ती जाळीवर आपटून परत मागे येते, आणि तेच युनिट ती पुन्हा ओढून घेतं. एक साधा थर्मामीटर घ्या. एसी अर्धा तास चालू द्या, मग युनिटच्या मागच्या, हवा आत घेणाऱ्या बाजूला थर्मामीटर धरा, आणि दुसरं माप जरा लांब, मोकळ्या सावलीत घ्या. एक-दोन अंशांचा फरक सोडून द्या. सहा-आठ अंश आला तर एसी तुमच्या हवामानात चालतच नाहीये, स्वतःच्या वाफेत चालतोय. अशा ठिकाणी प्रत्येक अंशाला साधारण दोन-तीन टक्के वीज जास्त जाते, आणि थंडावाही कमी मिळतो. जाळीच्या पट्ट्या आडव्या करून घेणं, युनिट पुढे सरकवणं, दोन युनिटं एकमेकांच्या तोंडावर असतील तर एकाची दिशा बदलणं, एवढ्याने काम होतं. सोबत तांब्याच्या दोन्ही नळ्यांवरचं काळं इन्सुलेशन शाबूत आहे का आणि भिंतीतलं नळीचं भोक फोमने बुजवलंय का ते बघा. ते भोक मला निम्म्या घरांत उघडं दिसतं. खिडक्या-दारांच्या फटी शोधायला पंखे बंद करून उदबत्ती फिरवा. धूर वाकडा झाला की फट सापडली.

अजून एक, दमटपणा. नव्या बांधकामातल्या काँक्रीट-प्लास्टरमध्ये भरपूर पाणी असतं आणि ते सुकायला एखादं वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. ती ओल हवेत येते आणि एसी तिचं पाणी करून बाहेर टाकत बसतो. थंड देशात राहणाऱ्यांना तोच अनुभव पहिल्या हिवाळ्यात हीटिंगच्या बिलात येतो. बाहेर कोरडं असेल तेव्हा खिडक्या उघडून घर वाहतं ठेवा. पहिल्या वर्षाच्या बिलावरून घराला नावं ठेवू नका. आणि एसी चालू असलेल्या खोलीत कपडे वाळत घालू नका.

आता गिझर. शॉवरमधून मिनिटाला १२ लिटर पाणी येत असेल आणि दहा मिनिटं आंघोळ चालली, तर १२० लिटर झालं. २० अंशांचं पाणी ४० वर न्यायला २.८ युनिट. तेवढ्या विजेत ९ वॉटचा एलईडी ३०० तासांहून जास्त जळतो. दिव्यांबद्दल मी सुरुवातीला जे म्हणालो ते यासाठी. बादली आणि घड्याळ घेऊन तुमच्या शॉवरचा प्रवाह मोजा. ७-८ लिटरचा चांगला शॉवरहेड बसवला तर हेच काम १.७ युनिटांच्या आसपास होतं, आणि पाण्याच्या बिलातही ४०-५० लिटर कमी. मला विचाराल तर या अख्ख्या उत्तरात पैशाला सर्वात जास्त परतावा देणारी वस्तू हीच.

तात्काळ गरम करणारा गिझर की टाकीचा, यावर वाद घालू नका. एक लिटर पाणी तापवायला दोघांनाही तेवढीच वीज लागते. फरक पडतो तो टाकीतून झिरपणाऱ्या उष्णतेत आणि पाइपात. टाकीचा गिझर दिवसभर चालू ठेवला तर चांगल्या इन्सुलेशनचा दिवसाला साधारण अर्धं युनिट नुसता गरम राहण्यात घालवतो, जुनाट असेल तर एकाहून जास्त. टायमर लावा. मात्र टाकी सतत गरम ठेवत असाल तर वीज वाचवायला तापमान ६० अंशांच्या खाली आणू नका. कोमट साठलेल्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतो आणि तो फुप्फुसांना घातक.

पाइपाचं गणित असं: १५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या नळीत मीटरमागे ०.१८ लिटर पाणी मावतं. गिझरपासून नळ १० मीटर लांब असेल तर दर वेळी पावणेदोन लिटर गरम पाणी नळीत राहून थंड होतं, आणि पुढच्या वेळी तेवढंच थंड पाणी तुम्ही ओतून देता. यात एक चोरवाट आहे. एका दांड्याचा मिक्सर नळ बघा. दांडी दिसायला बरी म्हणून मधोमध ठेवलेली असते. हात धुवायला दहा सेकंद नळ उघडला की निम्मं पाणी गिझरमधून निघतं, नळापर्यंत पोचायच्या आत तुम्ही नळ बंद करता, आणि ते भिंतीत गार होतं. हाताला गरम पाणी लागलं नाही, पण तापवण्याचे पैसे गेले. दिवसातून वीस-पंचवीस वेळा. दांडी थंड बाजूला ठेवायची सवय लावा.

गिझर बदलायची वेळ आलीच तर हीट पंप गिझर बघा: एक युनिट वीज घेऊन तो साधारण तीन युनिट उष्णता पाण्यात टाकतो, कारण ती तो भोवतालच्या हवेतून ओढतो. त्याला मोकळी, हवेशीर जागा लागते आणि तो आवाज करतो. बाथरूमच्या माळ्यावर कोंबायची ही वस्तू नाही.

फ्रिजचं थोडक्यात. मागे आणि बाजूला हवा खेळायला जागा ठेवा; नव्या स्वयंपाकघरात तो फर्निचरमध्ये चपखल बसवतात आणि कॉम्प्रेसर थांबतच नाही. खालचा कप्पा ४ अंश, फ्रीझर उणे १८, त्याहून गार नको. दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून ओढा, सहज निघाली तर रबर बदला. जुना फ्रिज ‘असू दे, पाहुण्यांना उपयोगी’ म्हणून गॅलरीत चालू ठेवला असेल तर तो बंद करा. कपडे धुण्याच्या यंत्रात वीज खाते ती पाणी तापवणारी कॉइल. ६० ऐवजी ३० अंशांवर धुवा. ड्रायर वापरत असाल तर आधी जोरात पिळून घ्या: कपड्यातलं एक लिटर पाणी उष्णतेने उडवायला किमान ०.६३ युनिट लागतं, पिळून काढायला त्याचा किरकोळ अंश. स्वयंपाकात भांड्यावर झाकण ठेवा, आणि पाणी उकळलं की आच कमी करा. जोरात उकळणारं पाणी हळू उकळणाऱ्या पाण्याहून जास्त गरम नसतं.

जे गॅस बॉयलरने घर तापवतात त्यांच्यासाठी एकच: कंडेन्सिंग बॉयलर (धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरणारा) असेल तर रेडिएटरमधून परतणारं पाणी ५५ अंशांच्या खाली असेल तरच तो कंडेन्स करतो. बसवणारा माणूस तापमान चढं ठेवून जातो आणि तुम्ही महागडा बॉयलर साध्यासारखा वापरता. पाण्याचं तापमान टप्प्याटप्प्याने कमी करून घर उबदार राहतं का ते बघा.

पाण्याच्या बिलासाठी रात्री झोपताना पाण्याच्या मीटरचं रीडिंग लिहा आणि सकाळी पहिला नळ उघडायच्या आत पुन्हा बघा. आकडा हलला असेल तर गळती आहे. नव्या घरात संशयित पहिला फ्लश टँक: बांधकामाची वाळू झडपेच्या रबराखाली अडकते आणि पाणी आवाज न करता वाहत राहतं. टाकीत खायच्या रंगाचे काही थेंब टाका, फ्लश न करता अर्धा तास थांबा, खाली भांड्यात रंग दिसला तर रबर साफ करा किंवा बदला. दुसरा संशयित आरओ: शुद्ध झालेल्या एका लिटरमागे तो दोन-तीन लिटर बाहेर टाकतो, आणि आतला बंद होण्याचा व्हॉल्व्ह बिघडला तर टाकी भरल्यावरही टाकतच राहतो. कोणी नळ उघडलेला नसताना प्रेशर पंप दर काही मिनिटांनी हळूच चालू होतो का, तेही ऐका. होत असेल तर कुठेतरी गळतंय किंवा एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) पाणी परत सोडतोय.

डब्याचा विषय संपवतो. आत एक कपॅसिटर आणि एक हिरवा दिवा असतो. कपॅसिटरने पॉवर फॅक्टर (तारेतून येणाऱ्या प्रवाहातला किती खरंच कामी येतो ते प्रमाण) सुधारू शकतो, हे खरं. पण घरगुती मीटर किलोवॉट-तास, म्हणजे युनिट, मोजतं आणि त्यात यामुळे काही फरक पडत नाही. केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टरही धरणाऱ्या मापावर) बिल येणाऱ्या मोठ्या ग्राहकांची गोष्ट वेगळी, आणि ते असले डबे सॉकेटमध्ये लावत नाहीत. विकणारा क्लॅम्प मीटर लावून अँपिअर कमी झालेले दाखवतो, तेव्हा त्याला तुमच्या वीज मीटरपाशी न्या आणि एक पंखा चालू ठेवून डब्यासह आणि डब्याविना लुकलुका मोजायला सांगा.

खर्च-परताव्याचा हिशोब करताना सरासरी दर धरू नका. जिथे युनिट वाढतील तसा दर वाढतो, तिथे वाचलेला प्रत्येक युनिट हा सर्वात वरच्या, सर्वात महाग टप्प्यातला असतो. त्यामुळे सुरुवातीचे उपाय वाटतात त्यापेक्षा लवकर वसूल होतात. तुम्ही खालच्या टप्प्यात आलात की पुढचे उपाय हळू वसूल होतात, आणि तिथे थांबायलाही हरकत नाही.

सोलरचा विचार यानंतर, नवे युनिट किमान एक उन्हाळा पाहून. आजच्या वापरावर हिशोब केलात तर गरजेपेक्षा मोठी यंत्रणा घ्याल. ग्रिडला दिलेल्या विजेचे तुमच्याकडे किती पैसे मिळतात, यावर तिचा आकार ठरवा: घेतलेल्या युनिटाइतकेच मिळत असतील तर वर्षाच्या वापराएवढी, खूप कमी मिळत असतील तर दिवसा जितकं वापरता तितकीच. पॅनेल बसवणाऱ्याला सकाळी ९ आणि दुपारी ४ ची सावली दाखवायला सांगा. एका ओळीत जोडलेल्या पॅनेलपैकी एकावर पाण्याच्या टाकीची सावली पडली तरी बाकीच्यांचं उत्पादन खाली येऊ शकतं. आणि छताला पांढरा लेप द्यायचा ठरला असेल तर तो पॅनेलच्या चौकटी बसण्याआधी देऊन घ्या. नंतर त्यांच्या खाली ब्रश नीट जात नाही आणि बोल्टांभोवतीची ओल शोधणं फार त्रासाचं होतं.